समुद्राच्या पाण्याला एक आकडा पुरत नाही

‘पाण्यात ध्वनीचा वेग किती?’ असे विचारले की आमच्या वर्गातील मुले भराभर हात वर करतात आणि ‘सेकंदाला दीड हजार मीटर’ असे एका सुरात सांगतात. उत्तर चूक नाही. परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण कोणते पाणी, किती गरम, किती खारे, किती खोल, हे प्रश्न त्या उत्तराबरोबर संपतात. आमच्या मते खरे विज्ञान तिथूनच सुरू होते. समुद्रात आवाज कसा प्रवास करतो याचे मॉडेल, म्हणजे आकड्यांनी बांधलेली त्या समुद्राची प्रतिकृती, नववी-दहावीच्या मुलांनी स्वतःच्या वहीत मांडून पाहावी, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

एक आकडा पुरेसा वाटण्याला इतिहास आहे. १८२६ मध्ये कोलाडोन आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हा सरोवरात हा वेग मोजला. एका नावेवरून पाण्याखाली घंटा वाजवायची, त्याच क्षणी दारूचा भपका उडवायचा, आणि दूरच्या दुसऱ्या नावेवर उजेड दिसणे व आवाज ऐकू येणे यांमधले अंतर घड्याळावर टिपायचे. आठ अंश सेल्सियस पाण्यात वेग आला सेकंदाला १४३५ मीटर. सरोवर एक, तापमान एक, म्हणून आकडाही एक.

समुद्र मात्र थरांचा बनलेला असतो. तापमान वाढले की ध्वनीचा वेग वाढतो, क्षार वाढले की वाढतो, आणि खोली वाढून दाब वाढला तरी वाढतो. मॅकेन्झी यांनी १९८१ मध्ये दिलेल्या सूत्रात तापमान, क्षारता आणि खोली घातली की वेग मिळतो. क्षारता सगळीकडे हजारी ३५ धरू. पृष्ठभागावर पाणी २८ अंश असेल तर वेग येतो सुमारे १५४१ मीटर. दोन हजार मीटर खोलीवर पाणी ३ अंश धरले तर वेग १४९६ पर्यंत उतरतो. चार हजार मीटरवर पाणी २ अंश, म्हणजे आणखी गार. तरीही दाबामुळे वेग पुन्हा १५२६ होतो. वरून खाली जाताना वेग आधी कमी होतो आणि मग वाढतो, ही गोष्ट पाठ केलेल्या एका आकड्यातून कधीच दिसणार नाही.

वेग बदलला की वाटही बदलते. काचेत शिरताना प्रकाश वळतो, तसाच ध्वनी कमी वेगाच्या थराकडे झुकतो. अमेरिकी आरमाराला याचा अनुभव १९३० च्या दशकात आला. सकाळी पाणबुडीचा ठाव अचूक लावणारी यंत्रे दुपारी तिला हरवून बसत. जेवणानंतर यंत्रावरच्या माणसांना डुलकी लागत असावी, असा संशय आधी घेतला गेला, असे सांगतात. वामकुक्षीचा मान राखणाऱ्या आम्हा गोवेकरांना हा संशय सहज पटेल! पण वुड्स होल येथील समुद्रवैज्ञानिक कोलंबस आयझेलिन यांनी पाण्याचे तापमान तपासले तेव्हा माणसे निर्दोष ठरली. उन्हाने वरचे काही मीटर पाणी तापत होते, आवाज खाली वळत होता आणि पाणबुडी ध्वनीच्या सावलीत लपत होती. दोष यंत्राचाही नव्हता. सगळे पाणी सारखेच आहे, हे गृहीत चुकीचे होते.

हे वळण दहावीच्या गणितात बसते. आडव्या रेषेशी ध्वनीच्या वाटेचा जो कोन होतो, त्याची कोज्या भागिले त्या थरातला वेग, हे गुणोत्तर सगळ्या थरांत सारखे राहते. १५४१ च्या थरातून अगदी आडवा निघालेला आवाज १४९६ च्या थरात पोचला, तर कोज्या येते १४९६ भागिले १५४१, म्हणजे सुमारे ०.९७१, आणि कोन जवळजवळ १४ अंश. आणखी खाली १५२६ च्या थरात तो ८ अंशांवर येतो, म्हणजे वाट पुन्हा आडवी होऊ लागते. समुद्र पुरेसा खोल असेल तर आवाज तळाला न लागता वर वळतो. नसेल तर तळावर आदळतो. एवढे मांडले की वहीत मॉडेल तयार झाले. शास्त्रज्ञांचे संगणक हेच काम असंख्य पातळ थरांवर करतात, आणि तळाचा चढउतार, लाटा, पाण्यात विरणारा आवाज यांचाही हिशेब धरतात.

सर्वांत कमी वेगाच्या थरातून निघालेला आवाज वर वळला तरी परततो, खाली वळला तरी परततो. या वाटेने तो फार दूर जातो, हे मॉरिस युइंग आणि वोर्झेल यांनी १९४४ मध्ये दाखवले. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थजवळ समुद्रात केलेले स्फोट अटलांटिकमधील बर्म्युडाजवळ ऐकू आले. अंतर सुमारे वीस हजार किलोमीटर, वेळ पावणेचार तासांच्या आत. पुढे १९८८ मध्ये वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासाचा हिशेब पुन्हा केला. पृथ्वी पूर्ण गोल नाही आणि दक्षिणेकडचे थंड पाणी आवाजाला आडवेही वळवते, या दोन गोष्टी धरून त्यांना वाट नव्याने आखावी लागली. आवाज ऐकू आला म्हणून ते थांबले नाहीत. तो कोणत्या वाटेने आला, हेही त्यांनी विचारले.

हे सारे लांबचे वाटेल, म्हणून आपल्या किनाऱ्याकडे येऊ. गोव्यालगतचा समुद्र बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आहे. तिथे आवाज पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये आपटत पुढे जातो, त्यामुळे तळाशी चिखल आहे की खडक, याला महत्त्व येते. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी गोडे पाणी आणून ओततात. नैऋत्य वाऱ्यांच्या काळात खालचे गार पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. मे महिन्यात बांधलेले मॉडेल सप्टेंबरात चालणार नाही. ट्रॉलरवरचे फिश फाइंडर १५०० च्या वेगावर लावलेले असेल आणि पाण्यात वेग १५४१ असेल, तर शंभर मीटर खोली ते साधारण ९७ मीटर दाखवील. आमच्या काही मुलांच्या घरी हे यंत्र रोजच्या वापरात आहे. त्यांचा समुद्र वर्गात यायला नको का?

आमची खरी चिंता इथेच आहे. आमच्या बहुतेक मुलांचे माध्यम पाचवीपासून बदलते. व्याख्या इंग्रजीत पाठ होतात, विचार मात्र घरच्या भाषेत चालतो. दोघांची गाठ पडली नाही तर मुलाला वाटते की विज्ञान ही परक्या घरची वस्तू आहे, आणि वडिलांना पाण्याबद्दल जे ठाऊक आहे ते ज्ञानच नव्हे. मॉडेल बांधताना ही गाठ पडते, कारण तिथे ‘हा आकडा कुठून आला?’ असे विचारावेच लागते, आणि ते कोणत्याही भाषेत विचारता येते.

यावर काही पालक म्हणतील की बोर्डाच्या परीक्षेत हे येत नाही. म्हणणे खोटे नाही. वेळ थोडा असतो आणि शिक्षकांवर आधीच पुष्कळ ओझे आहे. पण आम्ही नवा विषय मागत नाही. ध्वनीचा धडा आहे, त्रिकोणमितीचा धडा आहे. दोन्ही एकत्र आणणाऱ्या चार तासिका पुरेत. साहित्य म्हणाल तर थर्मामीटर, दोरी, बाटली आणि कॅल्क्युलेटर. शिक्षकांच्या देखरेखीखाली धक्क्यावरून वरचे आणि खालचे पाणी काढून तापमान घ्यावे, आणि भर पावसाळा सोडून दर महिन्याला तीच नोंद ठेवावी. तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की शाळेकडे स्वतःची आकडेवारी असेल. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावला येथे आहे. तिथे सहल नेण्याआधी मुलांच्या वहीत स्वतःचे आकडे असावेत, म्हणजे प्रश्नही त्यांचे स्वतःचे असतील.

येत्या विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोलचा समुद्र आणि रंगीत दिव्यांची पाणबुडी पुन्हा दिसेल. तिचे आम्ही कौतुकच करू. पण शेजारच्या टेबलावर तापमानाचे कोष्टक आणि हाताने काढलेली एक वाकडी रेषा मांडलेली असावी. आणि परीक्षकांनी ‘पाण्यात ध्वनीचा वेग किती?’ असे विचारल्यावर आमच्या मुलाने किंवा मुलीने न घाबरता उलट विचारावे, ‘सर, कुठले पाणी?’