शेजारधर्म आणि शेजारचा धूर

विडी-सिगारेट ओढावी की न ओढावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. धूम्रपानाचे परिणाम ओढणाऱ्याच्याच वाट्याला येत असते, तर या म्हणण्यात काही तथ्य होते. परंतु धूर कोणाचीच आज्ञा मानीत नाही. तो जिन्यातून वर चढतो, डक्टमधून पलीकडच्या न्हाणीघरात शिरतो आणि ज्याने जन्मात विडीला स्पर्श केला नाही त्याच्या छातीत जाऊन बसतो. पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांत यावरून उडणारे खटके म्हणजे निव्वळ शेजाऱ्यांच्या कुरबुरी नव्हेत.

या धुराचे स्वरूप आता संशयाचा विषय राहिलेले नाही. धूम्रपान करणाऱ्या पतींच्या निर्व्यसनी पत्नींमध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असते, हे जपानचे डॉ. हिरायामा यांनी १९८१ सालीच दाखवून दिले. या धुराची निर्धोक अशी मात्राच नाही, आणि खिडक्या उघडून वा पंखे लावून त्याचे पूर्ण निवारण होत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी २००६ मध्ये दिला. भारतात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के आढळले. घरात या धुराशी संबंध येणारे मात्र ३८.७ टक्के! ओढणाऱ्यांहून सोसणारे किती अधिक, हे यावरून उघड व्हावे.

कायदा याबाबतीत अगदीच उदासीन नाही. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्यास दुसऱ्याचा धूर घेण्यास भाग पाडणे हा त्याच्या जीविताच्या हक्कावरच आघात आहे, हे त्या निर्णयामागील तत्त्व होय. पुढे २००३ चा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून उपाहारगृहे, कचेऱ्या व चित्रपटगृहे नव्या नियमांखाली आली. दंड दोनशे रुपयांपर्यंत. शिवाय मनाईचा फलक लावण्याची जबाबदारी त्या जागेच्या चालकावर.

पण हा कायदा राहत्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. सार्वजनिक स्थळांच्या त्याच्या यादीत निवासी इमारतीचा जिना, वाहनतळ वा गच्ची यांचा स्पष्ट उल्लेख नाही. सदनिकेच्या आतील व्यवहार तर त्याच्या कक्षेबाहेरच आहे. पेठांतील वाड्याला निदान मोकळा चौक होता आणि वडीलधाऱ्यांचा धाक होता. त्याच जागी उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारतीत भिंत सामाईक, डक्ट सामाईक, आणि धाक कोणाचाच नाही. आपल्या मुलाला त्रास नको म्हणून गृहस्थ सिगारेट घेऊन दाराबाहेर येतो. त्याच जिन्यावर शेजाऱ्याचे मूल खेळत असते, याचा त्यास विसर पडतो!

माझ्या घरात मी काय करतो हे विचारणारे तुम्ही कोण, असा यावर प्रश्न केला जातो. त्याचे उत्तर गृहनिर्माण संस्थांच्या रोजच्या व्यवहारातच आहे. वरच्या न्हाणीघरातील पाणी खालच्या छतातून झिरपू लागले, तर न्हाणीघर माझ्या मालकीचे आहे, ही सबब कोणी ऐकून घेत नाही. जो न्याय पाण्याला, तोच धुराला का लागू नये? इतर सभासदांस उपद्रव होईल असे वर्तन सदनिकेत करू नये, असे संस्थांचे आदर्श उपविधीही सांगतात.

म्हणून संस्थांनी सरकारची वाट पाहत बसू नये. जिना, लिफ्ट, वाहनतळ व गच्ची येथे धूम्रपान होणार नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेने करावा, फलक लावावा आणि ओढणाऱ्यांसाठी खिडक्यांपासून दूर, उघड्यावर एखादी जागा नेमून द्यावी. त्यांना वाळीत टाकणे हा हेतू नव्हे. व्यसनाच्या विळख्यातील माणूस सहानुभूतीसच पात्र आहे. राज्य सरकारनेही हात आखडता घेऊ नये. हुक्का पार्लरांच्या बंदीसाठी २०१८ मध्ये महाराष्ट्राने याच केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली होती. निवासी इमारतींच्या सामाईक जागांसाठी ती पुन्हा करता येईल. अमेरिकेने तर त्याच वर्षी सार्वजनिक गृहयोजनांतील सदनिकांच्या आतही धूम्रपानास बंदी लागू केली. तितकी मजल आपण आज मारावी असे आम्ही म्हणत नाही.

मात्र एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. धूर ओढणाऱ्यास त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग केव्हाही खुला असतो. शेजारच्या घरातील दमेकरी वृद्धास आणि पाळण्यातील अर्भकास तो नसतो. ज्यांना निवड करता येत नाही त्यांचे रक्षण करणे, हे कायद्याचे पहिले कर्तव्य आणि शेजारधर्माचे खरे लक्षण आहे.