बाराव्या आकड्याची राखण



मध्यंतरी भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही नेटच्या दुकानात बसलो होतो. ताईचा आधार क्रमांक आम्ही वाचला, दुकानातल्या मुलाने तो टाइप केला आणि लगेच पडद्यावर आले, क्रमांक चुकीचा. आम्ही आधी कॉम्प्युटरला नावे ठेवली. मग कार्ड पुन्हा पाहिले, तर ५२ च्या जागी २५ वाचले होते. चूक आमचीच!

पण एवढ्या कोट्यवधी क्रमांकांतून ती क्षणात कळली कशी? उत्तर त्या क्रमांकातच आहे.

पहिले आधार क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. क्रमांक बारा आकड्यांचा. पहिले अकरा आकडे कोणताही अर्थ न ठेवता दिलेले असतात. त्यांवरून गाव कळत नाही, धर्म कळत नाही, जातही कळत नाही. आडनाव विचारून मग खुर्ची देणारी माणसे आपण पाहिली आहेत. येथे त्यांचे काही चालत नाही. सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, तरी ८,००० कोटी क्रमांक निघू शकतात. बारावा आकडा मात्र आधीच्या अकरांवरून हिशेबाने काढलेला असतो. तोच राखणदार.

हा हिशेब साध्या बेरजेचा का नाही? समजा, बेरजेचा शेवटचा आकडा पुढे लिहायचा ठरवले. ३५२ ची बेरीज १०, म्हणून ३५२०. कोणी ३६२० लिहिले तर बेरीज ११ होते, चोरी पकडली. पण ३२५० लिहिले तर बेरीज पुन्हा १०. आमची चूक सुटलीच असती.

हॉलंडचे गणिती याकोबस व्हेरहूफ यांनी तिथल्या टपालातील चुका तपासल्या. शंभरात सुमारे ७९ चुका एकच आकडा बदलल्याच्या, तर सुमारे १० शेजारचे दोन आकडे उलटल्याच्या निघाल्या. १९६९ साली त्यांनी उपाय मांडला. त्यांनी बेरीज सोडून पंचकोन धरला. मुलांनी घरी करून पाहावे. पुठ्ठ्याचा सारख्या बाजूंचा पंचकोन कापा, कोपऱ्यांना दोन्ही अंगांनी तीच नावे द्या. फिरवून पाच आणि पालथा करून पाच, अशा दहा तऱ्हांनी तो आपल्या जागेत बसतो. दहा तऱ्हा, दहा आकडे! आता तो एक घर उजवीकडे फिरवून मग पुस्तकाच्या पानासारखा पालथा करा. पुन्हा मूळ जागी ठेवून आधी पालथा करा, मग फिरवा. कोपरे वेगळ्या जागी येतील. येथे क्रमाला किंमत आहे. याच हिशेबात आकड्याच्या स्थानाप्रमाणे अदलाबदल करून बारावा आकडा निघतो. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले, की हमखास सापडते.

मात्र ताईच्या रकान्यात दाजींचा क्रमांक बिनचूक भरला, तर हा राखणदार गप्प बसतो. क्रमांकाची घडण बरोबर आहे एवढेच तो सांगतो. कोणाचा, ते नाही. अशाने पैसे अडकतात आणि मग कामाचे खाडे करून हेलपाटे घालावे लागतात.

म्हणून त्या दिवशी अर्ज पाठवण्याआधी आम्ही कार्ड भाचीच्या हाती दिले. तिने आधी आईचे नाव वाचले, मग चार-चार करून बाराही आकडे.