मिळकत कराच्या फेरआकारणीविषयी सोलापूरकरांना जाहीर आवाहन

मिळकत कराची फेरआकारणी म्हणजे करवाढ, असा समज सोलापुरात रूढ आहे. वास्तविक कराचा दर आणि करयोग्य मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी असून, दर महापालिकेने दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावयाचा असतो, तर फेरआकारणीत केवळ मूल्य नव्याने काढले जाते. एखादी मिळकत भाड्याने दिल्यास वर्षाला जे वाजवी भाडे येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की ‘करयोग्य मूल्य’ मिळते. महिना १,००० रुपये भाडे धरलेल्या घराचे हे मूल्य १०,८०० रुपये होते आणि कर त्यावर बसतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कराधान नियमांनुसार आकारणीची संपूर्ण नवी नोंदवही किमान चार वर्षांतून एकदा तयार व्हावयास हवी. ही मुदत टळत गेली की अन्याय साचत जातो, कारण जुन्या मिळकतीचे भाडेमूल्य जुन्याच काळाचे राहते आणि काल बांधलेल्या घरावर आजचे मूल्य लागते. १९९२ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले, शेळगी, बाळे, केगाव, सोरेगाव यांसारखी गावे महापालिकेत आली, जुळे सोलापूर उभे राहिले. या वाढीत ज्या भागाला पाणी आणि ड्रेनेज सर्वांत उशिरा मिळाले, तेथील नवा घरमालक गावठाणातील तेवढ्याच घरापेक्षा अधिक कर भरत असेल, किंवा जुन्या वाड्याच्या जागी दुकानांची इमारत उभी राहूनही नोंद वाड्याचीच असेल, तर ती विषमता फेरआकारणीशिवाय दूर होणार नाही. शिवाय जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा करामुळे शासनाच्या अनुदानावरील अवलंबित्व वाढले. शहराच्या स्वतःच्या हाती उरलेले मोठे साधन मिळकत कर हेच आहे.

म्हणून फेरआकारणीला सरसकट विरोध करू नये, मात्र ती डोळे झाकून स्वीकारूही नये. शहराच्या पूर्व भागात पुढल्या खोलीत यंत्रमाग आणि मागल्या खोलीत संसार अशी असंख्य घरे आहेत. अशा ठिकाणी मागाची जागा आणि राहण्याची जागा स्वतंत्रपणे मोजली गेली पाहिजे, कारण संपूर्ण घर बिगरनिवासी ठरवल्यास विणकराच्या कुटुंबावर न पेलणारा बोजा पडतो. मापकाम सुरू असताना घरातील जाणत्या व्यक्तीने हजर राहावे, मोजलेले क्षेत्र, वापराचा प्रकार आणि बांधकामाचे वर्ष स्वतः टिपून घ्यावे. महापालिकेनेही प्रत्येक पेठेचा भाडेदर आणि तो ठरवण्याचा आधार जाहीरपणे लावावा. शेजाऱ्याच्या आकारणीशी स्वतःची आकारणी ताडून पाहता आली नाही, तर न्याय्यतेची खात्री नागरिकाला पटणे अशक्य आहे.

मूल्य वाढले किंवा मिळकतीची प्रथमच नोंद झाली, तर मिळकतदाराला लेखी ‘विशेष नोटीस’ द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आयुक्तांकडे तक्रार नोंदवता येते. हे पंधरा दिवस कोणीही वाया घालवू नयेत, कारण पुढे न्यायाधीशाकडे अपील करावयाचे झाल्यास आधी अशी तक्रार केलेली असणे आणि वादातील रक्कम भरलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. मोर्चात दिलेले निवेदन या तक्रारीची जागा घेत नाही.

यात सर्वाधिक मागे पडण्याची भीती आहे ती घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या, कार्यालयीन मराठी न उमगणाऱ्या वृद्ध विडी कामगार स्त्रियांची आणि मागावरील कामगारांची. म्हणून प्रत्येक पेठेतील तरुण मंडळांनी, शिक्षकांनी आणि वकिलांनी नोटिसा येऊ लागताच आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी एकत्र बसून त्या वाचून दाखवाव्यात, तक्रारअर्ज लिहून द्यावेत, अर्जाची पोच घेऊन ती घरी जपून ठेवण्यास सांगावे आणि सुनावणीच्या दिवशी त्यांच्यासोबत जावे.