अंगठा नको, हिशेब हवा

पौडहून ताम्हिणी घाटाकडे निघाले की वाटेत माले लागते. मुळशी तालुक्यातील अशा गावांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी दुकान थाटून स्थिरावलेली आणि पुढे पुण्यात व्यापार वाढविलेली कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. समजा, अशाच एका घरात वडिलांच्या पश्चात जमिनीच्या सातबाऱ्यावर आई, दोन मुलगे व मुलगी अशी चार नावे लागली. धाकटा मुलगा जन्मतः बौद्धिक विकलांग. थोरला त्याला जिवापाड जपतो. जमिनीला चांगले गिऱ्हाईक येते, तेव्हा घरातील वडीलधारे म्हणतात, "त्याला काय कळते? अंगठा घ्या आणि मोकळे व्हा." हेतू वाईट नसतो, परंतु चूक येथेच होते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, त्याचा वाटा इतरांइतकाच पूर्ण आहे. जैन कुटुंबांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २८ स्पष्ट सांगते की, आजार वा व्यंग यांमुळे कोणाचा वारसाहक्क जात नाही. दुसरे असे की, १८७२ च्या करार कायद्यानुसार, ज्याला व्यवहाराचा अर्थ व परिणाम उमगत नाही त्याने केलेला करार निरर्थक ठरतो. त्याच्या अंगठ्याचे हक्कसोडपत्रही टिकणार नाही. वृद्ध वडिलांनी पूर्वी दिलेले मुखत्यारपत्रसुद्धा, त्यांची समज गेली की सामान्यतः संपुष्टात येते. अनेक घरांत नेमके त्याच्याच भरवशावर व्यवहार चालू राहतात.

मग मार्ग कोणता? मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, मुलाची समज कितीही असो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक विकलांगता किंवा बहुविकलांगता असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दरवर्षी जमाखर्च सादर करायचा असतो. विक्रीसारखा मोठा व्यवहार मात्र वकिलाच्या सल्ल्याने, न्यायालयाची परवानगी घेऊनच करावा.

पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा दीर्घ बेशुद्धी यांची गोष्ट निराळी आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २९ मे २०१८ पासून त्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली. त्यात उपचारांच्या हक्कांची तरतूद आहे, मालमत्तेच्या पालकाची नाही. बेशुद्धावस्थेतील माणसासाठी तर वेगळा कायदाच नाही. अशाच एका प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील आपल्या अधिकारात, भान हरपलेल्या पतीची पालक म्हणून त्याच्या पत्नीस नेमले. त्याच वेळी तिच्या कामावर देखरेख ठेवण्यास राज्य विधी सेवा प्राधिकरणास सांगितले. पत्नीवर अविश्वास म्हणून नव्हे. ज्याला स्वतः विचारता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी विचारणारे असावे म्हणून.

आईवडिलांनी आपली समज शाबूत असतानाच पुढची तजवीज करावी. मृत्युपत्रात "थोरला धाकट्याला सांभाळील" एवढे वाक्य पुरेसे नाही. धाकट्याच्या नावे खासगी न्यास करावा, विश्वस्त एकाहून अधिक नेमावेत, त्यांच्यानंतर कोण हेही लिहावे आणि उत्पन्न कशावर खर्च व्हावे ते स्पष्ट करावे.

तिसरे अणुव्रत अचौर्याचे. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. ज्याला देणे म्हणजे काय हेच कळत नाही, त्याच्या अंगठ्याने मिळालेले 'दिलेले' कसे म्हणावे? आपण व्यापारी माणसे. परक्याची ठेव आपण स्वतंत्र खात्यावर जमा मांडतो आणि मागताच पै न् पै परत करतो. घरातला हा ठेवीदार कधीच मागायला येणार नाही. म्हणूनच त्याचे खाते आजच वेगळे काढावे, भाडे व उत्पन्न त्यात जमा करावे आणि वर्षातून एकदा सर्व भावंडांसमोर ती वही उघडावी.