आमची फीट म्हणजे दारू नव्हे

गरिबाला हातपाय असतात, पोट असतं. डोकं असतं हे दवाखान्याला मान्यच नाही. हात मोडला, प्लास्टर. पोट बिघडलं, गोळी. पण महिनाभर झोप नाही, जगावंसं वाटत नाही, असं सांगा. 'टेन्शन घेऊ नको' म्हणून ताकदीची गोळी हातावर. साहेबाला होतं ते डिप्रेशन, आमचा तो कामचुकारपणा. साहेबाला येते ती फीट, आमची ती दारू.

सांगवीहून आमची टोळी चाकणच्या गोदामात जाते. डॉकला ट्रक लागला की माल खाली करायचा. आमच्यातला एक पोरगा तिथं कोसळला. हातपाय झाडतोय, तोंडाला फेस. मुकादम म्हणाला, ढोसून आलाय. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. दवाखान्यात डॉक्टरनं तोंडाचा वास घेतला, सलाईन लावलं, वाटेला लावलं. आधी असं झालं होतं का, डोक्याला मार लागला होता का, काही नाही. प्रश्न एकच : कुठल्या वस्तीतला? दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याला घरी बसवलं. आई त्याला घेऊन देवऋषाकडं गेली.

१९५६ ला नागपुरात आपण देव नाकारले. मग आज आपल्या आईला देवऋषाच्या दारात कोण ढकलतं? भूत काढतो म्हणून मारझोड करणं २०१३ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण दवाखाना नुसतं हाकलतो, त्याला कुठलं कलम?

फेफरं हा मेंदूचा आजार. करणी नाही, पाप नाही. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, दाबून धरू नका, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा. झटका ५ मिनिटांवर गेला, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर तडक हॉस्पिटल. नीट निदान झालं, रोजची गोळी चुकली नाही, तर १० पैकी ७ जण झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोनची गोळी स्वस्तातली स्वस्त. फक्त ती आपल्या मनानं बंद करायची नाही.

आणि 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारल्यानं कुणी जीव देत नाही. न विचारल्यानं मात्र एकटा पडतो.

म्हणतील, तज्ज्ञ कुठून आणायचे? गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी खचलेल्या, धास्तावलेल्या रोग्यांना सांभाळलं, आणि ते नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त संख्येनं बरे झाले. हे २०१० साली जगापुढं छापून आलंय. मनाचा उपचार पहिल्या पायरीच्या दवाखान्यात आणायचं देशानं १९८२ लाच ठरवलं. २०१७ च्या कायद्यानं तो हक्क केला. कागद भरपूर झाले.

आम्हाला येरवड्याची भिंत दाखवू नका. वस्तीच्या दवाखान्यात दोन प्रश्न विचारणारा माणूस बसवा, आणि गोळी दर महिन्याला फुकट द्या. ही भीक नाही. तुमचा माल ज्या खांद्यावरून उतरतो, त्या खांद्यावर डोकं आहे.