आधी खुर्ची, मग मोंद्रियान

आधुनिक कलेच्या इतिहासाविषयी एक समजूत इतकी रुळली आहे की ती कुणी मुद्दाम मांडत नाही, सगळे गृहीतच धरतात. ती अशी: नवा विचार सुचतो चित्रकाराला, आणि खुर्ची, कापड, दिवा, किटली यांच्यापर्यंत तो मागाहून झिरपत येतो. म्हणजे चित्र ही निर्मिती आणि वस्तुरचना हे तिचं उपयोजन. संग्रहालयांनी या समजुतीला विटामातीचं रूप दिलं. चित्रं मुख्य दालनांत, फर्निचर आणि विणकाम दुसऱ्या विभागात, बहुतेकदा दुसऱ्या मजल्यावर. पूर्वपक्षाजवळ पुरावा नाही असंही नाही. ईव्ह सँ लोराँने 1965 साली मोंद्रियानच्या चित्रांवरून झगे शिवले. तिथे चित्र आधी आणि कापड नंतर हे उघडच आहे. पण एका उदाहरणावरून नियम बांधायचा तर दुसरी उदाहरणंही तपासावी लागतात, आणि ती याच संग्रहालयांच्या मालकीची आहेत.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खेरिट रीटफेल्टच्या लाल-निळ्या खुर्चीचं. मोंद्रियानच्या चित्राला पाय फुटले आणि त्याची ही खुर्ची झाली, असं तिचं वर्णन पाठ्यपुस्तकांपासून पर्यटकांच्या माहितीपत्रकांपर्यंत वाचायला मिळतं. तारखा मात्र ऐकत नाहीत. उट्रेक्टच्या या सुताराच्या मुलाने खुर्ची रचली ती 1918च्या सुमारास, आणि तेव्हा तिला रंगच नव्हता. ‘दे स्टाइल’ मासिकात 1919 साली तिचं छायाचित्र छापलं गेलं तेही बिनरंगी खुर्चीचं. लाल, निळा, पिवळा आणि काळा हे रंग तिच्यावर चढले 1923च्या आसपास. आपण ज्याला ‘मोंद्रियानचं चित्र’ म्हणून ओळखतो, ते काळ्या रेघा आणि प्राथमिक रंगांच्या चौकटींचं रूप 1920–21मध्ये स्थिरावलं. म्हणजे खुर्चीचा सांगाडा या चित्रांहून जुना आहे. त्या सांगाड्यात जे नवं आहे ते सुतारकामातलं आहे. लाकडी पट्ट्या एकमेकींत खाच पाडून बसवलेल्या नाहीत. त्या एकमेकींना चाटून, ओलांडून पुढे जातात आणि आतल्या खुंट्यांनी धरून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक पट्टी आपलं स्वतंत्र अस्तित्व राखते, तरी मिळून एक बैठक होते. हे कसं साधायचं, हा प्रश्न रंधा हाती असलेल्या माणसाला पडणारा आहे. रंग त्याने चित्रकारांकडून घेतले हे मान्यच करायला हवं. पण रंग चढवण्याजोगं काही त्याच्याजवळ आधीच उभं होतं. मोंद्रियानने रीटफेल्टची नक्कल केली असा उलटा दावाही मी करत नाही. दोघे एकाच कोड्याशी दोन वेगवेगळ्या सामग्रींत झगडत होते, एवढंच तारखा सांगतात, आणि तेवढ्याने वरून खाली झिरपण्याची कथा मोडते.

दुसरा पुरावा पॅरिसचा. सोनिया दलोनेने 1911 साली नवजात मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. लहानपणी पाहिलेल्या शेतकरी घरांतल्या गोधड्यांची रीत तिच्या हाती होती. ती गोधडी आज तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. सोनियाचा नवरा रोबेर दलोने याची खिडक्यांची चित्रमाला, जिच्यात रंगांचे तुकडेच चित्राचा विषय होऊ लागतात, ती 1912ची. यावर आक्षेप असा येईल की सोनिया प्रशिक्षित चित्रकार होती, कार्ल्सरूहेत शिकलेली. तेव्हा गोधडीतही चित्रकाराचाच डोळा दिसतो. आक्षेप बरोबर आहे, पण तो पूर्वपक्षालाच जड जातो. तो डोळा कॅनव्हास सोडून चिंध्यांकडे वळला तेव्हा त्याला जे सापडलं, ते कॅनव्हासवर सापडलेलं नव्हतं. एका गोधडीतून अमूर्त चित्रकला जन्मली असं म्हणणं अतिरेकाचं होईल. पण त्या गोधडीला ‘घरगुती काम’ म्हणून इतिहासाच्या समासात टाकणं हाही अतिरेकच, फक्त सवयीचा असल्याने तो खुपत नाही.

या सगळ्याचा दोष न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टवर, म्हणजे मोमावर, सरसकट टाकण्याची फॅशन आहे. ते अन्यायाचं आहे. 1929मध्ये उघडलेल्या या संस्थेचा पहिला संचालक आल्फ्रेड बार जर्मनीतली बाउहाउस ही कला आणि वस्तुरचनेची शाळा प्रत्यक्ष पाहून आला होता. 1932मध्ये वास्तुकलेचा विभाग निघाला, 1934च्या प्रदर्शनात स्प्रिंगा आणि बॉलबेअरिंगं कलाकृतींच्या दिमाखात मांडली गेली. वस्तूंना दार बंद नव्हतं. वंशावळीत मात्र त्यांना जागा मिळाली नाही. 1936च्या घनवाद-अमूर्तकला प्रदर्शनासाठी बारने काढलेला तो बाणांचा तक्ता पाहावा. यंत्राचं सौंदर्य त्यात बाहेरून येऊन मिळतं, बाउहाउसही आहे, पण सगळ्या बाणांचा शेवट भूमितीय आणि अभूमितीय अशा दोन अमूर्त कलांत होतो. पुढे कित्येक दशकं हा तक्ताच इतिहास म्हणून वाचला गेला. मोमाने 1955 साली भारतीय वस्त्रांचं आणि अलंकरणकलांचं मोठं प्रदर्शन भरवलं (‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा पडद्यावर आला तो त्याच निमित्ताने, तिथेच). त्या वस्त्रांचं कौतुक भरपूर झालं, पण पाहुण्यांचं होतं तसं. मुख्य कथेचा एकही बाण त्यामुळे हलला नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप उपयुक्ततेचा आहे: चित्र कशाच्याही कामाचं नसतं म्हणून ते मोकळेपणाने विचार करतं, वस्तू मात्र कामाला बांधलेली असते. विणकर अ‍ॅनी अल्बर्सचं काम पाहिल्यावर हे टिकत नाही. बाउहाउसमध्ये तिला विणकामाकडे जावं लागलं, कारण स्त्रियांना तिकडेच वळवण्याचं धोरण होतं. पदविकेसाठी तिने बेर्नाउच्या कामगार संघटनांच्या शाळेतल्या सभागृहाकरिता भिंतीवरचं कापड विणलं. सेलोफेनची बाजू उजेड परतवते, शेनीलची बाजू आवाज शोषून घेते. हे कुठल्या चित्राचं उपयोजन? इथे कामाच्या अटीनेच नवं रूप जन्माला घातलं. मोमाने 1949 साली तिचं स्वतंत्र प्रदर्शन केलं, कापडाच्या रचनाकाराचं तिथलं पहिलं. तरीही ती बराच काळ चित्रकार योझेफ अल्बर्सची पत्नी म्हणूनच ओळखली गेली.

चित्रं आणि कापड एकत्र मांडण्यातली व्यवहाराची अडचण खरी आहे. कापडाला साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड सोसत नाही, तैलचित्र त्याच्या चौपट सहज सोसतं. शिवाय कापड काही महिन्यांनी उतरवून विश्रांतीला ठेवावं लागतं. पण 2019मध्ये मोमा नव्याने उघडलं तेव्हा चित्रं, छायाचित्रं आणि वस्तू एकत्र मांडून दालनं ठरावीक काळाने बदलायची असं ठरवलं गेलं. तेव्हा अशक्य काही नाही. मग आता भांडण कशाचं, असं कुणी विचारील. एका खोलीत ठेवलं म्हणजे झालं असं नाही. खुर्चीशेजारच्या पाटीवर ‘मोंद्रियानच्या प्रभावाखाली’ असंच लिहिलेलं राहिलं तर मजला बदलला, इतिहास नाही. पाटीवर 1918 आणि 1923 ही दोन सालं वेगळी लिहावीत, आणि कुठल्या साली लाकूड होतं नि कुठल्या साली रंग आला तेही सांगावं. लोक तरीही मोंद्रियानपुढेच जास्त वेळ थांबतील. थांबोत, खुर्ची त्यांच्या नजरेच्या टप्प्यात असली म्हणजे पुरे.