विश्लेषण : बीएस्सीचा गृहपाठ अडतो कुठे?

आर्वी, समुद्रपूर, आष्टीकडून वर्ध्याला बीएस्सीसाठी येणारे अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. कॉलेजात कलन, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र सारेच इंग्रजीत. एसटीने गावी पोहोचल्यावर गणित अडले, तर विचारायला उरतो मोबाइल.

मोबाइलवर उत्तर मिळते, मग अडचण काय?
एआय चॅटबॉट सगळे गणित सोडवून देतो. पण वहीत आपली चूक कुठे झाली, हे त्याला दिसत नाही. वायूचा दाब काढताना तापमान २७ अंश सेल्सिअस दिले असेल, तर सूत्रात ३०० केल्विन घालावे लागतात. २७ च घातले, तर दाब सुमारे अकराव्या हिश्शाएवढाच येतो. उत्तर नुसते उतरवून घेणारा परीक्षेत हीच चूक पुन्हा करतो. म्हणून प्रश्नाबरोबर आपण लिहिलेल्या पायऱ्याही टाकाव्यात आणि ‘उत्तर नको, चूक दाखव’ असे सांगावे. चॅटबॉटही चुकतो, तेव्हा एकके आपणच तपासावीत.

मराठीत काय आहे?
आयआयटी आणि आयआयएससीच्या ‘एनपीटीईएल’ची व्याख्याने मोफत आहेत, त्यातील काहींचे मराठी भाषांतरही मिळते. शब्दापाशी अडल्यास भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, पण ते वर्गात फारसे उघडले जात नाहीत.

गंमत म्हणजे मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव १९३७ मध्ये वर्ध्यातल्याच शिक्षण परिषदेत झाला होता. तो शालेय शिक्षणापुरता होता. बीएस्सीचा विद्यार्थी त्यात नव्हता.